हिरव्या पडद्याची आणेवारी

१. प्रश्न आणि त्याच्या पोटातील प्रश्न

“हिरव्या पडद्यापुढे उभे राहून चित्रण तर केले, आता मागचे हिरवे काढून तेथे दुसरे दृश्य बसवायचे, तर नवशिक्याने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?” हा प्रश्न आज घरबसल्या धडे चित्रित करणारे शिक्षक विचारतात, पाककृतींचे व्हिडिओ करणाऱ्या गृहिणी विचारतात, लग्नसमारंभांच्या चित्रणाचा व्यवसाय नुकताच थाटलेले तरुण विचारतात, आणि उत्तर देणारा प्रत्येक जण आपण स्वतः जे सॉफ्टवेअर प्रथम हाताळले त्याचीच शिफारस करीत असल्यामुळे, दहा जणांना विचारले असता दहा नावे कानी पडून विचारणारा होता तेथेच राहतो.

वस्तुतः पडद्याचा सपाट, उजळ भाग नाहीसा करणे हे काम इतके सोपे आहे की फुकट मिळणारे सॉफ्टवेअरही ते एका क्षणात उरकते, आणि अंगरख्याचा किंवा कपाळाचा मध्यभाग जसाच्या तसा ठेवणे हेही कोणालाच कठीण जात नाही. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो ह्या दोहोंच्या सीमेवर, म्हणजे केसांच्या बटा, हलणाऱ्या हाताची बोटे, चष्म्याच्या काचा, पदराचा तलम काठ अशा ठिकाणी, जेथे एकाच बिंदूत थोडा माणूस आणि थोडा पडदा मिसळलेला असतो. म्हणून “हिरवे कोण चांगले काढतो?” ह्या प्रश्नाच्या पोटात “अर्धवट बिंदूंना न्याय कोण देतो, आणि तो न्याय तपासून दुरुस्त करण्याची सोय मला कोण देतो?” हा खरा प्रश्न दडलेला आहे. तो नीट समजला म्हणजे नावांची निवड पुष्कळशी आपोआप होते.

२. दुहेरी चित्रणापासून रंगभेदापर्यंत

वेगवेगळ्या ठिकाणची दोन दृश्ये एकत्र आणण्याची हौस चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून पुढे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ इत्यादी चित्रपटांतून जे चमत्कार प्रेक्षकांपुढे उभे केले, त्यांत कॅमेरा मध्येच थांबवणे आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे ह्या युक्त्यांचा मोठा वाटा होता. परंतु दुहेरी चित्रणाला एक अंगभूत मर्यादा आहे: मागचे दृश्य उजळ असेल तर ते पुढच्या माणसातून आरपार दिसते. देव प्रकट होताना ही पारदर्शकता शोभते. हाडामांसाच्या माणसाला ती शोभत नाही. माणसाने व्यापलेली जागा मागच्या दृश्यात कोरी राखून ठेवावी, आणि माणूस हलेल तशी ती कोरी जागाही हलावी, अशी तजवीज करणे प्राप्त होते. ह्या हलत्या कोऱ्या आकृतीला चित्रपटाच्या धंद्यात ‘मॅट’ म्हणतात, आणि आजच्या सॉफ्टवेअरमधील सारा खटाटोप हा उत्तम मॅट तयार करण्याचाच आहे.

अमेरिकेत फ्रँक विल्यम्स ह्यांनी १९१८ साली काळ्या पार्श्वभूमीवर चित्रण करून अशी मॅट काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पण त्या पद्धतीत माणसाच्या अंगावरची गडद सावलीही पार्श्वभूमीबरोबर नाहीशी होण्याचा धोका होता. रंगीत फिल्म आल्यावर उजेड-काळोखाऐवजी रंगावरून निवाडा करणे शक्य झाले, आणि १९४० साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ ह्या, म्हैसूरच्या साबू ह्या नटाने भूमिका केलेल्या चित्रपटात, लॅरी बटलर ह्यांनी निळ्या पडद्याचा उपयोग करून विशेष दृश्यांचे ऑस्कर पारितोषिक पटकावले. तरीही केस, धूर आणि काच ह्यांच्या कडांना निळी रेघ राही. ती अडचण पेट्रो व्लाहोस ह्या अभियंत्याने १९५९ च्या ‘बेन-हर’ चित्रपटासाठी काम करताना सोडवली: बिंदू निळा आहे की नाही एवढेच न विचारता, त्यातील निळा हा इतर रंगांपेक्षा कितीने अधिक आहे हे मोजावे, अशी त्याची रंगभेदाची पद्धत होती. व्लाहोस ह्यांनी १९७६ साली स्थापन केलेली अल्टिमॅट ही कंपनी २०१६ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन ह्या ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतली. ब्लॅकमॅजिकचे एक सॉफ्टवेअर पुढे आपल्या यादीत येणारच आहे.

३. निळ्याची जागा हिरव्याने का घेतली?

मनुष्याची त्वचा गोरी असो वा सावळी, तीत तांबड्या रंगाचे प्रमाण सर्वांत अधिक असते. त्यामुळे निळा आणि हिरवा हे दोन्ही रंग त्वचेपासून दूर पडतात. मग हिरव्याला पसंती मिळण्याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर ह्यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेल्या, आणि आज बहुतेक कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या रचनेत, प्रकाश टिपणाऱ्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी, एक तांबड्यासाठी आणि एक निळ्यासाठी राखलेला असतो. शिवाय चित्राची उजळता ठरवताना हिरव्याला शेकडा ७० हून अधिक महत्त्व मिळते, आणि निळ्याच्या वाट्याला शेकडा ७ च्या आसपास येते. सबब हिरवा पडदा कमी दिव्यांत उजळतो आणि त्यावर दाणेदार डागही कमी उमटतात.

ह्या गुणाची दुसरी बाजू अशी की जो रंग लवकर उजळतो तो लवकर परावर्तितही होतो, आणि पडद्यापुढील माणसाच्या खांद्यांवर, गालांवर त्याची छटा पसरते. आणि आपल्याकडे एक विशेष अडचण आहे: हिरवा चुडा भरलेली, हिरवा शालू नेसलेली नववधू हिरव्या पडद्यापुढे उभी केली तर चुडा आणि शालू पडद्याबरोबरच अदृश्य होतील. अशा प्रसंगी निळा पडदा वापरावा. पुढे सांगितलेला सारा हिशेब, हिरव्याच्या जागी निळा घालून, तसाच लागू पडतो.

४. एका बिंदूतील हिस्से

आता मुख्य कल्पनेकडे वळू. चित्र हे सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा आणि निळा ह्यांचे प्रमाण तीन अंकांनी लिहिले जाते, आणि नेहमीच्या चित्रणात प्रत्येक अंक ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असतो.

सामाईक जमिनीच्या दफ्तरात जशी प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे आणेवारी लिहिलेली असे, म्हणजे अमक्याचा रुपयात आठ आणे, तमक्याचा चार आणे, तशीच प्रत्येक बिंदूची आणेवारी लावणे हे आपल्या सॉफ्टवेअरचे काम आहे. खातेदार दोनच: पडदा आणि माणूस. भर पडद्यावरील बिंदूत पडद्याचे सोळा आणे, म्हणजे पूर्ण रुपया. कपाळावरील बिंदूत माणसाचे सोळा आणे. केसाच्या टोकावरील बिंदूत दोघांचा हिस्सा. ही आणेवारी काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपाने मांडली म्हणजे मॅट तयार होते: पूर्ण माणूस तेथे पांढरे, पूर्ण पडदा तेथे काळे, आणि हिस्सेदारी असेल तेथे त्या त्या प्रमाणात करडे. काही सॉफ्टवेअर तिला ‘आल्फा’ असेही म्हणतात.

आणेवारी लावायची कशी? व्लाहोस ह्यांच्या विचाराचे सोपे रूप असे की बिंदूतील हिरव्याच्या अंकातून, तांबडा व निळा ह्यांपैकी जो मोठा अंक असेल तो वजा करावा. उदाहरण घेऊ. पडद्याचा बिंदू तांबडा ४०, हिरवा १८०, निळा ५० असा आहे. १८० मधून ५० वजा जाता १३० उरले. हे झाले पडद्याचे सोळा आणे. कपाळाचा बिंदू २००, १५०, १२० असा आहे. येथे हिरव्यापेक्षा तांबडा मोठा, म्हणून बाकी शून्याखाली, म्हणजे पडद्याचा हिस्सा काहीच नाही. आता काळ्या केसाचा मूळ रंग ४०, ३०, २० आहे असे धरा, आणि केसाच्या कडेवरील बिंदूत अर्धा केस व अर्धा पडदा मिसळला आहे. तो ४०, १०५, ३५ असा दिसेल. १०५ मधून ४० गेले, ६५ उरले. ६५ हे १३० च्या निम्मे. सॉफ्टवेअरने केसाला पाहिलेही नाही, तरी त्याचा आठ आण्यांचा हिस्सा बिनचूक काढला.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त ‘साम्य किती’ एवढी एकच सरकपट्टी असते, ते बहुधा अशी बारीक आणेवारी लावीत नाही. ठरावीक मर्यादेच्या अलीकडचा बिंदू सबंध ठेवावा आणि पलीकडचा सबंध काढावा, असा सरसकट निकाल ते देते. केस अशा निकालात एकतर हिरव्या कडेसह शिल्लक राहतात, किंवा कातरून टाकल्यासारखे दिसतात.

५. सुरकुतीची किंमत केसांकडून वसूल होते

पडदा सर्वत्र सारखा उजळलेला असेल तर वरचा हिशेब सुरळीत चालतो. परंतु कापडाला सुरकुती पडली आहे आणि तेथील बिंदू ३५, १५०, ४५ असा आहे, असे समजा. बाकी आली १०५. म्हणजे पडद्याचा हिस्सा १३० पैकी १०५, सोळा आण्यांत जवळजवळ तेरा. उरलेले तीन आणे सॉफ्टवेअर माणसाच्या नावे लावते, आणि नव्या दृश्यावर त्या सुरकुतीचा मळकट धुरकटपणा तरंगताना दिसतो.

ह्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक चाप असतो. कोठे त्याला ‘ब्लॅक क्लिप’ म्हणतात, कोठे आणखी काही. तो ओढून आपण हुकूम देतो की १०५ किंवा अधिक बाकी आली की ते पडद्याचे सोळा आणे समजावेत. सुरकुती गेली खरी. पण मघाचा केसाचा बिंदू आता १३० शी नव्हे, १०५ शी ताडला जातो, आणि ६५ चा हिस्सा आठ आण्यांवरून जवळजवळ दहा आण्यांवर चढतो. माणसाच्या वाट्याला आठांऐवजी सहाच आणे उरले. केस विरळ झाले. दिव्यांच्या मांडणीत केलेली हयगय भरून काढण्यासाठी ह्या चापाजवळ केसांखेरीज दुसरी कोणतीही शिल्लक नसते, आणि महागडे सॉफ्टवेअरही हा जमाखर्च सहसा पूर्णपणे टाळू शकत नाही. ते बहुधा त्याचे क्षेत्र मर्यादित करते: केसांसाठी एक नाजूक आणेवारी आणि दूरच्या सुरकुत्यांसाठी दुसरी कडक आणेवारी, अशी विभागणी करण्याची मुभा देते.

६. कडेवरचे हिरवे आणि अंगावरचे हिरवे

हिस्सा काढल्यावर वाटणी प्रत्यक्ष अमलात आणायची असते, आणि येथे दुसरी परीक्षा होते. केसाच्या बिंदूमागे १२०, १७०, २२० असे निळे आकाश बसवायचे आहे. योग्य रीत अशी: बिंदूच्या ४०, १०५, ३५ मधून पडद्याचा निम्मा भाग, म्हणजे २०, ९०, २५ वजा करावा, उरले २०, १५, १०, म्हणजे नेमका निम्मा केस. त्यात निम्मे आकाश ६०, ८५, ११० मिळवले की ८०, १००, १२० असा स्वच्छ, निळसर करडा बिंदू मिळतो. पण पडद्याचा भाग वजा न करताच बिंदू नुसता निम्मा करून आकाशात मिसळला, तर हिरव्याचा अंक १०० च्या जागी १३७ येतो, आणि साऱ्या डोक्याभोवती हिरवट वलय उभे राहते. नवशिक्यांच्या कामात हमखास दिसणारे ते वलय ह्या न केलेल्या वजाबाकीचे फळ होय.

अंगावरची छटा हा निराळा मामला आहे. तिला ‘स्पिल’ म्हणतात. पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर पडद्याचा उजेड पडून तेथील बिंदू १९०, २१०, १८५ असा झाला, तर खांदा हिरवट दिसतोच, शिवाय २० ची बाकी आल्यामुळे अडीच आण्यांपुरता तो पारदर्शकही होतो. हिरवा अंक तांबड्या-निळ्यांतील मोठ्या अंकापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, हा स्पिल आवरण्याचा सर्वसामान्य नियम आहे. त्याने २१० चे १९० होतात. पारदर्शक झालेला खांदा भरून काढण्यासाठी मात्र माणसाच्या आतील भागावर ‘येथे सोळा आणे माणूसच’ अशी वेगळी मोहर उठवावी लागते. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे पाहून ठेवणे इष्ट. आणि माणसाला पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे उभे केले, तर ह्या दुरुस्तीची गरज बरीच कमी होते.

७. कॅमेरा रंगात काटकसर करतो

पुष्कळांना असा अनुभव येतो की पडदा चांगला, दिवे चांगले, सॉफ्टवेअर नामांकित, तरीही कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. त्याचे कारण चित्रफीत लहान राखण्यासाठी कॅमेऱ्याने केलेल्या काटकसरीत आहे. डोळ्याला उजेडातील बारकावे अधिक कळतात आणि रंगातील कमी कळतात, म्हणून मोबाइल आणि बहुतेक साधे कॅमेरे उजळता प्रत्येक बिंदूची नोंदवतात, रंग मात्र चार बिंदूंच्या चौकोनास मिळून एकच लिहून ठेवतात. ह्या रिवाजाला ४:२:० म्हणतात. १९२० बाय १०८० च्या चित्रात उजळतेच्या नोंदी २०,७३,६०० असतात, आणि रंगाच्या ९६० बाय ५४० प्रमाणे ५,१८,४०० च. बघणाऱ्याला हे जाणवत नाही. पण आपली सारी आणेवारी रंगावर चालते, आणि चौघांत मिळून एकच उतारा असेल तर हिस्से ढोबळच लागणार. ४:२:२ ह्या अधिक उदार रिवाजात ह्याच्या दुप्पट रंग मिळतो, आणि ४:४:४ मध्ये प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग असतो. परंतु असे कॅमेरे महाग असतात.

सर्वांच्या आवाक्यातील तोड एक आहे. मोबाइलवर फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये चित्रण करावे आणि अंतिम व्हिडिओ १९२० बाय १०८० चाच ठेवावा. फोर-के मधील रंगाच्या नोंदी १९२० बाय १०८० भरतात, म्हणजे अंतिम चित्राच्या दर बिंदूस एक नोंद पुरते. ह्या एका खबरदारीने जो फरक पडतो, तो सॉफ्टवेअर बदलल्याने क्वचितच पडतो.

८. सॉफ्टवेअरला विचारायचे पाच प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनातून कसोटीचे प्रश्न सहज निघतात.

पहिला: मॅट काळ्या-पांढऱ्या रूपात पाहता येते काय? आणेवारी डोळ्यांनी पाहिल्यावाचून तिच्यात फेरफार करणे म्हणजे अंधारात हिशेब तपासणे होय. दुसरा: ‘पूर्ण पडदा’ आणि ‘पूर्ण माणूस’ ह्या दोन टोकांचे चाप स्वतंत्र आहेत काय? तिसरा: स्पिल आवरण्याची सोय मॅटपासून वेगळी आहे काय? चौथा: माणसाभोवती ढोबळ रेघ आखून बाहेरचे सारे, दिव्यांचे खांब आणि पडद्याच्या कडा ह्यांसकट, एकदम वगळता येते काय? धंद्यात ह्याला ‘गार्बेज मॅट’ म्हणतात, आणि ही आखली म्हणजे दूरच्या सुरकुत्यांसाठी केसांचा बळी देण्याची वेळच येत नाही. पाचवा प्रश्न परवान्याचा व यंत्राचा: तयार व्हिडिओवर वॉटरमार्कचा शिक्का उमटतो काय, पैसे एकदाच भरायचे की दरमहा, आणि माझा संगणक हे ओझे पेलेल काय?

९. उपलब्ध पर्यायांची पाहणी

ह्या पाच प्रश्नांच्या उजेडात प्रचलित नावे तपासू.

दाविंची रिझॉल्व्ह हे ब्लॅकमॅजिक डिझाइनचे सॉफ्टवेअर. त्याची विनामूल्य आवृत्ती वॉटरमार्क न उमटवता फोर-के पर्यंत व्हिडिओ तयार करून देते, आणि विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिन्हींवर चालते. त्यातील पडदा काढणारा ‘थ्री-डी कीअर’ नवशिक्याला पुरेसा आहे. पुढे फ्युजन ह्या विभागातील ‘डेल्टा कीअर’ रंगभेदाच्याच तत्त्वावर चालतो, आणि तेथे मॅट पाहण्याची, गार्बेज मॅट जोडण्याची, माणसाच्या आतील भागावर मोहर उठवण्याची सारी सोय आहे. पहिल्या चार प्रश्नांत ते अव्वल ठरते. अडते ते पाचव्याच्या उत्तरार्धात. त्याला १६ जीबी मेमरी, फ्युजन वापरायचे तर ३२ जीबी, आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवे असते. फ्युजनमध्ये एकावर एक थर न रचता एकेका क्रियेच्या चौकटी एकमेकींना रेघांनी जोडाव्या लागतात. ही वहिवाट अंगवळणी पडायला काही काळ जातो.

शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही खुल्या परवान्याची, पूर्णतः विनामूल्य सॉफ्टवेअर आहेत. शॉटकटमध्ये क्रोमा कीचे, म्हणजे रंगावरून पडदा काढणाऱ्या फिल्टरचे, साधे आणि प्रगत असे दोन प्रकार असून स्पिलसाठी वेगळे फिल्टर आहे. एचडी कामासाठी ते ८ जीबी मेमरीवर समाधान मानते, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या मालकाला ते किफायतशीर पडते. बारीक केसांच्या बाबतीत ह्या दोघांचे काम दुय्यम वाटले, तरी सपाट पडदा आणि बांधलेले केस असतील तर निकाल उजवा येतो.

अडोबीच्या प्रीमियर प्रोमधील ‘अल्ट्रा की’ हे शिकण्याच्या दृष्टीने फार सोयीचे साधन आहे: मॅट निर्माण करणे, ती साफ करणे आणि स्पिल आवरणे असे तिचे कप्पे वेगवेगळे मांडलेले आहेत, आणि एका कळीवर मॅट दिसते. त्याच कंपनीच्या आफ्टर इफेक्ट्सबरोबर येणारे ‘कीलाइट’ व्यावसायिकांच्या पसंतीचे आहे. परंतु दोन्हींचे भाडे सतत भरावे लागते. ज्याच्या कार्यालयात ते आधीच भरले जात आहे त्याने ती वापरावीत, केवळ हिरव्या पडद्यासाठी हे बांधील देणे ओढवून घेऊ नये.

मॅक वापरणाऱ्यांना आयमूव्ही विनामूल्य मिळते. त्यात हिरवा-निळा पडदा काढण्याची सोय आहे, मात्र कडा मऊ करणे आणि राहिलेले डाग पुसणे ह्यापलीकडे हाती फारसे काही लागत नाही, आणि मॅट दिसत नाही. फायनल कट प्रोचा ‘कीअर’ पडद्याचा रंग स्वतःच ओळखतो आणि मॅटही दाखवतो. तो विंडोजवर चालत नाही.

ब्लेंडर हे मुख्यतः त्रिमित चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले विनामूल्य सॉफ्टवेअर. पण त्याच्या संयोजन विभागातील ‘कीइंग’ चौकटीत दोन्ही टोकांचे चाप, स्पिल, गार्बेज मॅट हे सारे आहे. कापाकापीसाठी मात्र ते अवघडच वाटते. मोबाइलवरच सारे काम उरकणाऱ्यांसाठी काइनमास्टर आहे. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत वॉटरमार्क येतो. आणि ज्याला थेट प्रक्षेपणात, म्हणजे शिकवता शिकवताच, मागचे दृश्य बदलायचे आहे, त्याने नंतरच्या संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे न जाता ओबीएस स्टुडिओ घ्यावे. ते विनामूल्य असून त्यातील क्रोमा की फिल्टर तत्क्षणी काम करते.

अलीकडे पडद्यावाचूनच माणूस वेगळा काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. ती रंग मोजीत नाहीत, माणसाची आकृती कोठवर असावी ह्याचा अंदाज बांधतात. बैठकीच्या व्हिडिओला हा अंदाज पुरतो. मोकळ्या केसांसाठी आणि हातातील अनोळखी वस्तूसाठी मोजलेली आणेवारी अजूनही अधिक भरवशाची आहे.

१०. निवडीचा क्रम

१६ जीबी मेमरी आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक ज्याच्याजवळ आहे, त्याने दाविंची रिझॉल्व्हपासून आरंभ करावा, आणि पहिले काही दिवस फ्युजनच्या वाटेला न जाता ‘थ्री-डी कीअर’वरच हात बसवावा. ८ जीबीच्या यंत्रावर शॉटकट घ्यावे. मॅकवर पाच मिनिटांचा एखादाच व्हिडिओ करायचा असेल तर आयमूव्ही पुरे. नियमित काम असेल तर तेथेही रिझॉल्व्हच बरे.

एवढ्यावरही मन द्विधा राहिले तर दोन सॉफ्टवेअर उतरवून घ्यावीत, दोनांहून अधिक नकोत, आणि दोन्हींना एकच दहा सेकंदांची चित्रफीत द्यावी: मोकळे केस, हलता हात आणि पांढरा सदरा असलेली. दोन्हीकडे आधी मॅट पाहावी. मग मागे एकदा गडद आणि एकदा फिके दृश्य ठेवून कडा तपासाव्यात, कारण गडद दृश्यावर उजळ कड उघडी पडते आणि फिक्यावर गडद.

निकाल वाईट आला तर दोष सॉफ्टवेअरचा की चित्रणाचा, हे ठरवण्यासाठीही एक सुलभ मार्ग आहे. ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ साली अॅमस्टरडॅम येथे ‘टिअर्स ऑफ स्टील’ नावाचा लघुपट हिरव्या पडद्यापुढे चित्रित करून त्याचे मूळ चित्रणही सर्वांसाठी खुले केले. व्यावसायिक कॅमेऱ्याने व नीट दिव्यांखाली घेतलेली ही दृश्ये उतरवून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालावीत. त्यांची मॅट स्वच्छ निघाली आणि आपल्या चित्रणाची निघाली नाही, तर नव्या सॉफ्टवेअरवर एक पैही न खर्चता ती रक्कम पडदा ताणून बांधण्यासाठी चौकट, आणि पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकणारे दोन दिवे ह्यांवर खर्चावी. उलट, त्या चित्रणाचे केसही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कातरले जात असतील, आणि सारे चाप फिरवूनही आणेवारी सुधारत नसेल, तेव्हाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करावा. त्या वेळी कोणता चाप कमी पडला हे आपल्याला नेमके ठाऊक असेल, आणि निवड करायला कोणाला विचारावे लागणार नाही.